प्रेपची (एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची) गोळी आणि ती देणारा दवाखाना, दोन्हीचा रिव्ह्यू, कोल्हापूर

दवाखान्याचं नाव टाकत नाही हे आधीच सांगते. वाईट आहे म्हणून नाही, बऱ्यापैकी चांगलाच आहे, पण नाव टाकलं की उद्यापासनं त्याच्या जिन्यात दिसणाऱ्या प्रत्येक बाईकडं लोक बोट दाखवणार, आणि तिथं थायरॉइडच्या, शुगरच्या बायका पण येत असतात. एसटी स्टँडपासनं चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे, जिला जायचंय तिनं आपल्या पिअरला, म्हणजे आपल्यातलीच जी बाई तपासणीचं, निरोधाचं काम बघते तिला विचारावं, तिला ठाऊक असतंय.

मी धंदा करते आणि पिअर म्हणून पण बरीच वर्षं काम करते. निरोध पोचवायचे, बायकांना तपासणीला सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, जिची पॉझिटिव्ह आली तिच्याबरोबर एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथल्या बाकड्यावर बसायचं, हे सगळं. त्यामुळं खाली जे लिहिलंय ते माझ्या एकटीचं नाही, आमच्या गल्लीतल्या, लॉजवर जाणाऱ्या आणि हल्ली फोनवरच धंदा करणाऱ्या पोरींचं पण आहे. नाव कुणाचंच घेणार नाही.

आधी गोळी. एचआयव्ही झालेला नसताना, होऊ नये म्हणून रोज एक घ्यायची, ती प्रेप. आत टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम अशी दोन औषधं असतात. अमेरिकेत २०१२ लाच मंजूर झाली, २०१५ ला जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की जास्त धोक्यातल्या सगळ्यांना हा पर्याय द्या, आणि बनवतात कोण तर आपल्याच सिप्लासारख्या कंपन्या. आता आमच्या गल्लीत येऊन विचारा किती जणींनी नाव ऐकलंय. आपल्या देशात तयार होणारं औषध आपल्याच बाईला कुणी तोंडानं सांगत नाही याचा मला मनापासनं राग येतो, आणि हा रिव्ह्यू लिहायचं मोठं कारण तेच आहे.

आम्हाला मिळाली ती विकतच, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. महिन्याची बाटली हजाराच्या पुढं जाते, दुकानागणिक फरक पडतोय, वर तपासण्यांचे पैसे वेगळे. ज्या बाईचं भाडं, पोराची फी आणि घरवालीचा, म्हणजे जिच्या घरात धंदा चालतो तिचा हिस्सा जाऊन हातात थोडंच उरतंय तिच्यासाठी ही रक्कम लहान नाही, हे तिकडं एसीत बसून 'अफोर्डेबल' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

गोळी निळसर, लांबट, जरा मोठीच. पहिले काही दिवस मळमळ, डोकं जड, पोट बिघडणं असं होऊ शकतंय, मला मळमळ झाली, रात्री जेवल्यावर घ्यायला लागले तशी कमी आली. आमच्यातल्या एकीला जुलाब लागले आणि तिनं सोडूनच दिली, ती काय परत आली नाही. डॉक्टर म्हणतात महिन्याभरात बहुतेक त्रास जातोय आणि तो जातोय पण, फक्त हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला पाहिजे, कारण आमच्याकडं एकीला मळमळलं की दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीत 'गोळीनं लिव्हर जातंय' असं झालेलं असतंय. लक्ष ठेवायचं असतंय ते किडनीवर, त्यासाठी क्रिएटिनिन तपासतात. हिपॅटायटिस बी पण बघतात, कारण ती कावीळ अंगात असली आणि गोळी मधीच बंद केली तर ती उसळू शकते. आणि सगळ्यात आधी एचआयव्हीची तपासणी, मग दर तीन महिन्यानं परत. ती टाळून कुणी गोळी देत असेल तर घेऊ नका, कारण अंगात एचआयव्ही असताना नुसती ही गोळी खाल्ली तर पुढं औषधं लागू पडायची बंद होऊ शकतात.

बायका विचारतात ते प्रश्न सगळीकडं तेच असतात म्हणून इथंच लिहून टाकते. दारूवर चालती का, तर दारूनं गोळीचं काम बिघडत नाही, पण प्यायल्यावर घ्यायची राहून जाते, म्हणून आधीच घेऊन मोकळं व्हा. माला-डी चालू असली तरी चालते. पोटात बाळ असताना, अंगावर पाजताना पण डॉक्टरच्या सल्ल्यानं घेता येते. उपाशीपोटी पण चालते, मात्र आमच्या एक आक्का नवरात्रात आंबाबाईचे नऊ दिवस कडक करतात, त्या काय ऐकेनात, शेवटी डॉक्टर मॅडमनी स्वतः सांगितलं की औषधाला उपवास नसतोय तेव्हा कुठं पटलं. 'गिऱ्हाईक असंल त्याच दिवशी घेतली तर?' हा प्रश्न तर प्रत्येकीचा, कारण पैसे वाचतील असं वाटतंय. नाही चालत. तो आधी दोन, मग एक, मग एक असा प्रकार पुरुषापुरुषांच्या संबंधासाठी आहे, बाईनं रोजच घ्यायची, कारण आपल्या अंगात खालच्या भागात औषध पुरेसं साठायला वेळ लागतोय. निदान सात दिवस सलग झाल्याशिवाय भरवसा धरू नका, काही डॉक्टर एकवीस दिवस सांगतात, मी बायकांना एकवीसच सांगते.

गावाला जायचं असेल, सौंदत्तीला यात्रेला जायचं असेल, महिनाभर धंदाच नसेल तर बंद करता येते, जन्मभराची बेडी नाही ही. पण बंद कशी आणि कधी करायची ते डॉक्टरला विचारून, आणि परत सुरू करताना परत तपासणी, परत ते सुरुवातीचे दिवस मोजायचे. हे ऐकल्यावर बऱ्याच जणींचा जीव भांड्यात पडतोय, कारण त्यांना वाटत असतंय की एकदा सुरू केली की एआरटीसारखी कायमची लागली.

आणि एआरटीवरनंच खरा घोळ सुरू होतोय.

आमच्यात प्रत्येकीनं कुणाच्या ना कुणाच्या ट्रंकेत ती पांढरी प्लॅस्टिकची बाटली बघितलेली आहे. एचआयव्ही असलेल्यांना सरकारकडनं जी एकत्र गोळी मिळते तिच्यात पण टेनोफोविर असतंय, आणि ही प्रेपची बाटली दिसायला तशीच, तसंच झाकण, तसाच खुळखुळाट. आता सांगा, बाई ती कुठं ठेवणार? एका खोलीत तिघी राहतात, कपाट एक, कुलूप नाही. गोळीबद्दल मी कितीही गोड बोलले तरी पहिला प्रश्न काम करते का हा नसतोयच, पहिला प्रश्न असतोय, 'मावशी, ही एड्सचीच गोळी न्हवं? कुणी बघितली तर काय सांगू?'

आमच्यातली एक तरुण पोरगी, फोनवर धंदा करते, वेगळी खोली घेऊन मालकाबरोबर राहते. बाहेरच्यांसाठी सांगते, मालक म्हणजे आमच्यात जो कायमचा माणूस असतोय तो. तो चार्जर शोधायला तिच्या पर्समधे हात घालतोय काय, बाटली सापडते काय, त्यानं नाव मोबाईलवर टाकलं, पहिलीच ओळ एचआयव्ही. दोन दिवस आलाच नाही, आला तो जिन्यातनं बोंबलत. 'मला रोग लावलीस' म्हणून. पोरीनं तपासणीचा निगेटिव्ह रिपोर्ट त्याच्या हातात दिला, तो म्हणाला रिपोर्ट खोटा आहे, रोग नाय तर औषध कशाला. तिनं त्याच आठवड्यात गोळी सोडली. औषधात काहीच खोट नव्हती, ती नियमानं घेत होती, रोजचा अलार्म लावलेला, नुसत्या बाटलीनं तिचं सगळं मोडलं. त्यामुळं रिव्ह्यूमधे बाटलीला मी पाचपैकी एक देणार आणि तो एक पण झाकण घट्ट बसतंय म्हणून.

बायका मग आपापले मार्ग काढतात. बहुतेक जणी कॅल्शियमच्या बाटलीत भरून ठेवतात, कॅल्शियम काय सगळ्याच बायका घेतात, कुणी विचारत नाही. एक जण वर कापसाचा बोळा घालते म्हणजे पर्समधे वाजत नाही. हे करताना एक लक्षात ठेवा, मूळ बाटलीत जी छोटी पुडी असते ओल धरू नये म्हणून, ती पण नव्या बाटलीत टाका आणि झाकण घट्ट लावा, कोल्हापूरच्या पावसाळ्यात गोळ्या ओल धरतात. डॉक्टर खरं तर मूळ बाटलीतच ठेवा म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे, पण ज्या घरात मूळ बाटली ठेवताच येत नाही तिथं काय करायचं हे त्यांनी पण सांगायला पाहिजे.

आता दवाखाना. डॉक्टर मॅडमना पाचपैकी पाच. का, तर पहिल्या भेटीत त्यांनी सरळ विचारलं, 'धंदा करता का? निरोध कुणाबरोबर राहतो, कुणाबरोबर राहत नाही?' आवाज न बदलता, तोंड न वाकडं करता, जसं बीपी विचारावं तसं. इतक्या वर्षात डॉक्टरला खोटं सांगायची इतकी सवय लागलेली असते की खरं बोलल्यावर अंग हलकं झालं. तपासणीआधी नीट समजावून सांगितलं आणि विचारून रक्त घेतलं, हे उपकार म्हणून नाही हं, एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासनं लागू आहे, तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि तुमची माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही. हा कायदा प्रत्येक बाईला पाठ पाहिजे.

काउंटरला मात्र दोन. तिथला मुलगा वयानं लहान, मनानं वाईट नाही, पण भरल्या वेटिंगमधे मोठ्यानं ओरडला, 'प्रेपवाल्या कोण कोण आहेत ओ?' माझ्याबरोबर दोघी आल्या होत्या, त्यातली एक तशीच उठून जिना उतरली. मी आत जाऊन मॅडमना सांगितलं, त्यांनी ताबडतोब बंद केलं ते, आता नंबर पुकारतात, आणि औषध खाकी पाकिटात घालून देतात. सांगितलं की ऐकतात ही चांगली गोष्ट आहे, पण आमच्यासारख्यांना औषध द्यायचं ठरवल्यावर हे सांगायची वेळ यायला नको होती. वेळेचा पण प्रश्न आहे. सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी सहा ते आठ. सकाळी आमच्या बायका झोपलेल्या असतात, संध्याकाळी धंद्याची वेळ. दुपारी दोन ते चार ठेवा असं आम्ही लेखी दिलंय, अजून काय उत्तर नाही.

आता जरा नाजूक विषय, आणि यावर आमच्यातच भांडणं आहेत. जुन्या बायका गोळीच्या विरोधात आहेत आणि त्यांचं कारण येडेपणाचं नाही. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात निरोधासाठी बायकांनी एकमेकींना धरून लढा दिला, वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६ पासनं आहे, एकीनं नाही म्हटलं की शेजारच्या खोलीतलीनं पण त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं, असं करत करत निरोध रुजवला. त्या आक्का म्हणतात, 'आता गोळी आली की गिऱ्हाईक म्हणणार, गोळी खाल्लीयास न्हवं, मग कशाला ते पिशवीचं.' आणि एका घरवालीनं माझ्या तोंडावर विचारलं, मग आता निरोधाशिवाय जादा पैसे घ्यायला हरकत नाय न्हवं? मी जागेवर सांगितलं की गोळी गुप्तरोग थांबवत नाही, सिफिलिस, परमा तसेच होतात, पोट पण राहतंय. ती ऐकून गप बसली पण तिला पटलं असं काय मला वाटत नाही.

माझं मत असं आहे की आक्कांची भीती खरी आहे आणि तरी गोळी पाहिजे. दोन्ही. फक्त गोळी कोण घेतंय हे त्या बाईच्या आणि डॉक्टरच्या मधे राहिलं पाहिजे, घरवालीला कळता कामा नये, गिऱ्हाइकाला तर अजिबातच नाही. ज्या दिवशी गोळीचं कार्ड दाखवून धंदा मिळायला लागला किंवा कुणी सक्तीनं खायला घालायला लागलं, त्या दिवशी मीच पहिली विरोधात उभी राहीन. काही जणींना पोलिसांची पण धास्ती आहे, धाडीत गोळी सापडली तर धंद्याचा पुरावा म्हणतील म्हणून. मे २०२२ मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की बाई आपल्या तब्येतीसाठी जे वापरते, निरोधासारखं, ते पुरावा म्हणून धरायचं नाही. ते चौकीवर किती पोचलंय तो वेगळा विषय, पण कोर्टाचा शब्द आहे हे माहीत असू दे.

गोळीचा खरा उपयोग कुठं आहे तर गिऱ्हाइकापेक्षा मालकापाशी. गिऱ्हाइकाबरोबर आमच्या बायका निरोधाशिवाय हात लावू देत नाहीत, आणि घरी आल्यावर मालकाबरोबर निरोध नाही, कारण तिथं तो ठेवला की प्रेम नाही असं होतंय. तो ट्रकवर महिना महिना बाहेर, गुजरातपासनं बेंगलोरपर्यंत, तो तिकडं काय करतोय कोण बघायला गेलंय? मी ज्या बायकांना तपासणीत पॉझिटिव्ह आलेल्या बघितल्या त्यातल्या कितीतरी जणी म्हणायच्या, गिऱ्हाइकाकडनं नाही ओ, आपल्याच माणसाकडनं आलं. निरोध त्याच्या हातात आहे, तो म्हणेल तर वापरणार. गोळी माझ्या हातात आहे, त्याला विचारायची गरज नाही. हे मी बायकांना सांगते तेव्हा त्यांचा चेहरा बदलतो, बाकी सगळ्या माहितीपेक्षा हे एक वाक्य त्यांना पोचतंय.

'पण खरंच काम करती का' म्हणणाऱ्यांसाठी. केनिया-युगांडात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांवर मोठा अभ्यास झाला, तिथं गोळी घेणाऱ्यांमधे लागण सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाली. दुसरा एक आफ्रिकेतल्याच बायकांवरचा अभ्यास २०११ ला मधीच थांबवावा लागला, फरकच दिसेना. का, तर रक्त तपासल्यावर कळलं की बहुतेक जणी गोळी घेतच नव्हत्या. कितीतरी जणींना आपल्याला धोका आहे असंच वाटत नव्हतं. आणि तिकडच्या दुसऱ्या अभ्यासात बायकांनी सांगितलं की ही गोळी दिसली तर लोक आपल्याला एड्स आहे म्हणतील याची भीती वाटायची. वाचताना मला वाटलं ही आमच्याच गल्लीची गोष्ट आहे. आता उलटं बघा, आपल्या देशात कोलकात्याच्या सोनागाचीत दुर्बार महिला समन्वय समितीनं आणि म्हैसूरला आशोदया समितीनं, म्हणजे धंद्यातल्या बायकांच्या स्वतःच्याच संघटनांनी, मिळून तेराशेच्या आसपास बायकांना ही गोळी दिली. बायकांनी ती घेतली आणि अभ्यासाच्या काळात एकीलाही नवीन लागण झाली नाही. औषध तेच आहे, देणारी बाई आपली होती, खुळखुळाट का नको हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

म्हैसूर काय लांब नाही. तिथं जमलं ते इथं का नाही जमणार, असं मी प्रत्येक मीटिंगला विचारते आणि विचारत राहणार. नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रेपबद्दल मार्गदर्शक सूचना आहेत, कागद तयार आहे, गोळी मात्र आमच्या बाईच्या हातात पैसे मोजूनच येते.

अजून एक, ज्यामुळं बायका सगळ्यात खूष झाल्या. लेनाकापाविर म्हणून इंजेक्शन आलंय, सहा महिन्यातनं एकदा घ्यायचं. २०२४ ला दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुलींवरच्या अभ्यासाचा निकाल आला, २१०० च्या वर मुलींना ते दिलं होतं आणि एकीलाही एचआयव्ही झाला नाही. जून २०२५ मधे अमेरिकेत मंजुरी मिळाली, जुलैत जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली. स्वस्त आवृत्ती बनवायचा परवाना मिळालेल्यात हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत, आपल्या पुण्याची एमक्युअर पण आहे, आणि २०२७ पासनं वर्षाला ४० डॉलरच्या आसपास किंमत धरलीय. डीआयसीवर, म्हणजे आमच्या बायका जमतात त्या सेंटरवर हे सांगितलं तेव्हा कोपऱ्यात कायम गप बसणारी एक बाई उठून म्हणाली, 'म्हंजे बाटलीच न्हाई?' तिला बाकी काहीच ऐकायचं नव्हतं. पुण्यात बनणार असेल तर कोल्हापूरच्या बाईला ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळालं पाहिजे, ही मागणी आत्तापासनं लावून धरायला पाहिजे, नाहीतर याची पण गत गोळीसारखीच होणार.

तर गोळीला पाचपैकी साडेचार, मॅडमना पाच, काउंटरला दोन, वेळेला दोन, बाटलीला एक. गोळी घेत नसाल आणि निरोध फाटला तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा, २८ दिवसांचं वेगळं औषध असतंय, जितकं लवकर तितकं बरं. काही विचारायचं असेल आणि कुणाला तोंड दाखवायचं नसेल तर १०९७ वर फोन करा, नॅकोची हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. दवाखान्यात जाताना जुने रिपोर्ट असतील तर घेऊन जा, तपासणीचे पैसे वाचतात. आणि काउंटरवर फोन नंबर मागतात तिथं आपला स्वतःचा द्या, मालकाचा किंवा घरवालीचा देऊ नका, कारण तीन महिन्यांनी तपासणीचा मेसेज त्याच नंबरवर येतोय.